शाळेच्या दोन इमारतींमधले नेटवर्क : कार्यालयात ९४, संगणक कक्षात ९

जांभादगड

नमस्कार.

मी सिंधुदुर्ग जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत गणित आणि विज्ञान शिकवतो. दुसरे कोणी नाही म्हणून संगणक कक्षाची जबाबदारीही माझ्याकडेच आहे. नेटवर्कचे रीतसर शिक्षण मी घेतलेले नाही; जे येते ते करून पाहून आलेले आहे, त्यामुळे वर्णनात काही चुकले असल्यास सांभाळून घ्यावे.

शाळेच्या दोन इमारती आहेत. जुनी जांभ्याची कौलारू इमारत म्हणजे कार्यालय व शिक्षकखोली, आणि मैदानापलीकडे स्लॅबची नवी इमारत, जिच्यात संगणक कक्ष आहे. फायबरची १०० एमबीपीएसची जोडणी कार्यालयात येते. कंपनीने बसवलेल्या राउटरपासून एक नेटवर्क केबल आंब्याच्या झाडांना बांधत बांधत मैदानाच्या कडेने कक्षापर्यंत आणलेली आहे. तिथे एक जुना वाय-फाय राउटर आहे आणि त्याच्यापुढे १६ पोर्टचा एक व ८ पोर्टचा एक असे दोन साधे स्विच (एका केबलवरून अनेक संगणक जोडणाऱ्या पेट्या) आहेत. कक्षात १४ संगणक आहेत; अकरांवर विंडोज १० आणि अलीकडे मिळालेल्या तिघांवर विंडोज ११.

अडचणी अनेक आहेत आणि त्यांचा एकमेकींशी संबंध आहे की नाही हे मला ठरवता येत नाही. कार्यालयात वेग तपासला की ९३ ते ९५ येतो, कक्षात तो ९ च्या वर कधीच जात नाही, मग एकच संगणक चालू असो वा चौदा. काही संगणकांवर एके दिवशी इंटरनेट चालते आणि दुसऱ्या दिवशी त्याच संगणकावर ‘जोडलेले आहे, पण इंटरनेट नाही’ असे दिसते. दोन संगणकांचा नेटवर्कवरचा पत्ता तर कायम १६९.२५४ ने सुरू होतो आणि त्यांना काहीच मिळत नाही. महिन्यातून एखाद्या वेळी दोन्ही स्विचवरचे सगळे दिवे एकदम थयथयाट करू लागतात, सगळे नेटवर्क ठप्प होते, स्विच बंद करून पुन्हा चालू केला तरी तेच, आणि एक-दोन दिवसांनी काहीही न करता सुरळीत होते. कार्यालयातील मुख्य संगणकावरचे सामायिक फोल्डर आणि प्रिंटर विंडोज १० वाल्या संगणकांवरून उघडतात, नव्या तिघांवरून उघडत नाहीत. शिवाय गेल्या मे महिन्यात वळवाच्या पावसात विजा कडाडल्या तेव्हा कक्षातील एका संगणकाचा मदरबोर्ड आणि राउटरचे एक पोर्ट जळाले; त्याच्या आदल्या वर्षी एक स्विच गेला होता.

आमच्याकडे येणाऱ्या तंत्रज्ञाचे मत असे पडले की १०० चा प्लॅन चौदा संगणकांना पुरत नाही, तो ३०० चा करावा. मुख्याध्यापक तयार आहेत, परंतु हे पैसे पालकांच्या वर्गणीतून येणार आहेत आणि सरकारच्या यू-डायस प्लस संकेतस्थळावर शाळेची माहिती भरण्याच्या दिवसांत पुन्हा हीच स्थिती राहिली तर तोंड दाखवायला जागा उरणार नाही. प्लॅन वाढवल्याने यातले काय सुटेल?

---

आठतारी

जांभादगड सर, नमस्कार. यातले काहीही सुटणार नाही. आपण दिलेल्या आकड्यांतच त्याचे कारण दडलेले आहे.

इथरनेटच्या जोडणीचा वेग हवा तितका कमी-जास्त होत नाही, त्याला ठरावीक पायऱ्या असतात: १०, १००, १००० एमबीपीएस. केबल खोचली की दोन्ही टोकांची उपकरणे आपसांत बोलून पायरी ठरवतात, आणि वरच्या पायरीवर जोडणी टिकली नाही तर काही उपकरणे आपणहून खालची पायरी पत्करतात. १०० च्या जोडणीतून प्रत्यक्ष मोजमापात ९४-९५ मिळतात, कारण माहिती लहान लहान पाकिटांतून जाते आणि प्रत्येक पाकिटाबरोबर पत्त्यांचा आणि तपासणीचा मजकूरही वाहून न्यावा लागतो. त्याच हिशेबाने १० च्या जोडणीतून ९ च्या आसपास मिळतात. एकच संगणक चालू असतानाही ९ च येतो ही आपली नोंद फार मोलाची आहे. गर्दीमुळे वेग पडत असता तर एकट्या संगणकाला तो भरपूर मिळाला असता. तेव्हा आपल्या दोन इमारतींमधली जोडणी १० च्या पायरीवर उतरलेली आहे असे मी जवळजवळ खात्रीने म्हणेन. कक्षातील राउटरच्या सेटिंगच्या पानावर पोर्टची स्थिती दिसत असेल तर तिथे हे ताडून पाहता येईल.

३०० चा प्लॅन घेतल्यावर कक्षात ९ च राहतील. कार्यालयातही कदाचित ९४ च राहतील, कारण १०० च्या जोडणीला केबलमधल्या आठपैकी चारच तारा लागतात, तर १००० च्या जोडणीला आठही लागतात. एखादी तार जॅकमध्ये नीट बसलेली नसली, किंवा राउटरचे वा संगणकाचे पोर्टच १०० चे असले, तर विकत घेतलेले उरलेले २०० तिथेच अडून राहतात. असे ‘३०० चे ग्राहक’ मी बरेच पाहिले आहेत.

आता केबलविषयी. तांब्याच्या नेटवर्क केबलची मर्यादा एका उपकरणापासून दुसऱ्या उपकरणापर्यंत १०० मीटर आहे, आणि त्यातही ९० मीटर पक्की ओढलेली केबल व उरलेल्या १० मीटरांत दोन्ही टोकांच्या पॅच कॉर्ड, म्हणजे उपकरणाला जोडायच्या लहान केबल, असा हिशेब धरतात. त्यापुढे संकेत क्षीण होतो आणि तारांच्या जोड्या एकमेकींच्या संकेतात ढवळाढवळ करतात. आपण लांबी लिहिलेली नाही, परंतु झाडाझाडांवरून वळसे घेत गेलेली केबल पावलांनी मोजलेल्या अंतरापेक्षा नेहमीच बरीच लांब निघते. ती प्रत्यक्ष मोजा. दुसरे, टोकाकडची एक तार ब्लेडने खरवडून पाहा. आत चंदेरी रंग दिसला तर ते तांबे नव्हे, तांब्याचा मुलामा दिलेले ॲल्युमिनियम आहे. बाजारात स्वस्त म्हणून ही केबल सर्रास मिळते. तिचा विद्युतरोध जास्त असतो आणि ती वाकवली की आतल्या आत मोडते. १०० मीटरची मर्यादा शुद्ध तांब्यासाठी आहे, या केबलसाठी नाही.

पत्त्यांचा गोंधळ हा वेगळा आजार आहे. संगणक चालू झाला की तो नेटवर्कवर ‘मला पत्ता द्या’ अशी हाक मारतो आणि राउटरमधली डीएचसीपी नावाची सेवा त्याला १९२.१६८.१ ने सुरू होणारा एखादा पत्ता देते. कोणीच उत्तर दिले नाही तर विंडोज स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा कामचलाऊ पत्ता घेते. म्हणून तो पत्ता दिसला की एवढेच समजावे की या संगणकाची हाक कोणापर्यंत पोहोचलेली नाही. आपल्या त्या दोन संगणकांच्या केबलमध्ये, जॅकमध्ये किंवा स्विचच्या पोर्टमध्ये दोष असणार. चालत्या संगणकाची केबल तिथे लावून पाहिली की पाच मिनिटांत कळेल.

‘जोडलेले आहे, पण इंटरनेट नाही’ याचे कारण मात्र कक्षातला जुना राउटर असावा असे वाटते. त्याच्याही पोटात डीएचसीपी चालू असेल आणि त्याचाही पत्ता कारखान्यातून आला तसाच १९२.१६८.१.१ असेल, म्हणजे कंपनीच्या राउटरचा असतो तोच. वर्गात दोन मुलांचा हजेरी क्रमांक एकच असला आणि क्रमांक पुकारल्यावर जो आधी ‘हजर’ म्हणेल त्यालाच सर ओळखू लागले, तर जे होईल ते इथे होते. संगणक विचारतो, १९२.१६८.१.१ कोण? ज्याचे उत्तर ध्यानात राहते त्याच्याकडे तो सगळी पाकिटे पाठवतो. ते उत्तर कार्यालयाच्या राउटरचे असेल तर त्या दिवशी इंटरनेट चालते. कक्षातल्या राउटरचे असेल तर पाकिटे तिथेच संपतात, कारण त्याच्यामागे बाहेरची वाटच नाही.

उपाय सोपा आहे. कार्यालयाकडून येणारी केबल काही वेळ काढून ठेवा, एक संगणक थेट कक्षातील राउटरला जोडा, राउटरचा पत्ता १९२.१६८.१.२ करा आणि त्यातली डीएचसीपी सेवा बंद करा. मग कार्यालयाकडची केबल त्याच्या निळ्या किंवा वेगळ्या रंगाच्या ‘वॅन’ पोर्टात, म्हणजे बाहेरच्या इंटरनेटसाठी असलेल्या पोर्टात, न लावता इतर चारांपैकी एकात लावा. आता तो राउटर न राहता वाय-फाय देणारा स्विच झाला. पत्ते देणारा एकच राहील, तो कार्यालयातला. हा १९२.१६८.१.२ पत्ता दुसऱ्या कोणाला दिला जाणार नाही एवढे मात्र कंपनीच्या राउटरच्या डीएचसीपीच्या पल्ल्यात पाहून घ्या.

---

वरचामजला

केबलच्या भानगडीत पडताच कशाला? दोन्ही इमारतींच्या छतांवर समोरासमोर तोंड करून ५ गिगाहर्ट्झची दोन बाहेरची वाय-फाय उपकरणे बसवावीत. आमच्या सोसायटीत दोन इमारतींमध्ये अशी जोडणी चार वर्षे विनातक्रार चालू आहे. या पट्ट्यासाठी परवाना लागत नाही. २०१८ मध्ये सरकारने तो बऱ्याच अंशी परवानामुक्त केला आहे. तारच नाही, त्यामुळे तारेतून वीज येण्याचा प्रश्नही नाही.

---

काचतंतू

वरचामजला यांच्या सोसायटीत मध्ये झाडे नसावीत. सरांच्या इथे आंबे आहेत आणि कोकणातला पाऊस आहे. पाणी धरलेली पाने या लहरी मोठ्या प्रमाणात शोषून घेतात, त्यामुळे मार्चमध्ये उत्तम चालणारी जोडणी जुलैमध्ये लंगडते. छतांवरून समोरचे छत मोकळे दिसत असेल तरच त्या वाटेने जावे. शिवाय छतावर खांब उभारून त्याच्या टोकाला उपकरण लावणे आणि तिथून तांब्याची केबल खाली कक्षात आणणे म्हणजे विजेला आमंत्रणच आहे. तार नाही हे अर्धसत्य झाले.

विजेचा मुद्दा मला या सगळ्यात सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून त्यावर थोडे सविस्तर लिहितो. वीज प्रत्यक्ष केबलवर पडावीच लागते असे नाही. जवळपास कोठेही पडली तरी तेवढ्या लांबीच्या उघड्या तारेत मोठा दाब उत्पन्न होतो. त्याशिवाय दोन इमारतींचे अर्थिंग वेगवेगळे असते, आणि वीज जमिनीत उतरते त्या क्षणी एका इमारतीच्या जमिनीची विद्युतपातळी दुसरीपेक्षा कितीतरी चढते. हा फरक भरून काढायला प्रवाह जी सापडेल ती वाट धरतो, आणि दोन इमारतींना जोडणारी वाट आपणच तांब्याची करून ठेवलेली असते. इथरनेटच्या प्रत्येक पोर्टात छोटे रोहित्र असते आणि ते १५०० व्होल्टपर्यंतचा फरक अडवू शकेल अशी मानकाची अट आहे. रोजच्या वापरात ती भरपूर झाली. वळवाच्या विजेपुढे ती छत्री कागदाची ठरते. आपले एका वर्षी स्विच आणि दुसऱ्या वर्षी मदरबोर्ड जळाले ते अपघात नव्हेत. ही केबल असेपर्यंत ते होतच राहणार, मग ती शुद्ध तांब्याची आणि ८० मीटरच का असेना.

म्हणून दोन इमारतींमध्ये काच घाला. एकाच तंतूची सिंगल मोड ऑप्टिकल फायबर आणि दोन्ही टोकांना एकेक मीडिया कन्व्हर्टर (तारेतल्या संकेताचा प्रकाश आणि प्रकाशाचा पुन्हा संकेत करणारी डबी) एवढेच सामान लागते. काचेतून वीज वाहत नाही. अंतराचा तर विचारच करू नका. साध्यातला साधा कन्व्हर्टर कित्येक किलोमीटरांसाठी बनवलेला असतो. गावोगावी केबल टीव्हीची आणि इंटरनेटची कामे करणारी मुले आता फायबर जोडण्याचे यंत्र बाळगून असतात, त्यामुळे दोन्ही टोकांची जोडकामे तासाभरात होतात. सगळा खर्च एका मदरबोर्डच्या आसपास येईल; ३०० च्या प्लॅनचे वर्षाचे वाढीव भाडे मोजले तर बहुधा त्याहूनही कमी.

तीन सूचना कराव्याशा वाटतात. एकाच तंतूवर चालणारे कन्व्हर्टर ‘ए’ आणि ‘बी’ अशा जोडीनेच घ्यावे लागतात, कारण एक जाताना १३१० नॅनोमीटरची तरंगलांबी वापरतो व येताना १५५० ची, आणि दुसरा नेमके उलट. दोन ‘ए’ आणले तर दोघेही एकाच सुरात बोलतील आणि ऐकणारा कोणी नसेल. दुसरी सूचना, घरोघरी टाकतात त्या चपट्या फायबरला ताण सहन करण्यासाठी बाजूने एक पोलादी तार असते. ती तार भिंतीबाहेरच सोलून खांबाला अडकवून थांबवा. ती तशीच कक्षात आणली तर तांबे काढून पोलाद घातल्यासारखे होईल. पूर्ण धातुविरहित केबल मिळाली तर हा प्रश्नच राहत नाही. तिसरी, शक्य असल्यास झाडांचा नाद सोडून मैदानाच्या कडेने दीड-दोन फुटांचा चर खणून पाइपातून केबल न्यावी आणि पाइपात एक नायलॉनची दोरी मोकळी सोडून ठेवावी. पुढे कधी दुसरी केबल ओढायची झाली तर पुन्हा चर खणावा लागणार नाही.

---

पन्नास_ओहम

वरील दोघांनी तीन आजार ओळखले, पण दिव्यांच्या थयथयाटाकडे कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही. मी एका तंत्रनिकेतनातून प्रयोगशाळा सहायक म्हणून निवृत्त झाले आहे आणि हा प्रकार मी इतक्या वेळा पाहिला आहे की दिव्यांच्या वर्णनावरूनच ओळखू येतो. कोणीतरी एकाच केबलची दोन्ही टोके स्विचमध्ये खोचलेली असतात, किंवा तुमच्या दोन स्विचमध्ये एकाऐवजी दोन केबल लागलेल्या असतात.

स्विचला जेव्हा ‘सर्वांसाठी’ असे पाकीट मिळते तेव्हा तो ते आलेले पोर्ट सोडून बाकी सर्व पोर्टांतून पुढे पाठवतो. पत्ता मागण्याची जी हाक वर सांगितली आहे ती याच जातीची. नेटवर्कमध्ये वर्तुळ तयार झाले की ते पाकीट फिरून परत येते, स्विच ते पुन्हा सर्वांना पाठवतो, ते पुन्हा फिरून येते. इंटरनेटच्या आयपी पाकिटावर आयुष्याची मर्यादा लिहिलेली असते, प्रत्येक टप्प्यावर ती एकाने घटते आणि शून्य झाली की पाकीट टाकून दिले जाते. इथरनेटच्या पाकिटावर अशी कोणतीही मर्यादा नसते, त्यामुळे वर्तुळात सापडलेले पाकीट मरतच नाही, उलट त्याच्या प्रती वाढत जातात आणि काही क्षणांत स्विचला दुसरे काही करायला वेळ उरत नाही. स्विच बंद करून चालू केल्याने फरक पडत नाही कारण वर्तुळ तिथेच असते. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये काम करणाऱ्या रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये यावर उपाय शोधला. त्यांच्या स्पॅनिंग ट्री या पद्धतीत स्विच आपसांत बोलून वर्तुळाचा एक दुवा स्वतःच बंद ठेवतात. परंतु ही सोय व्यवस्थापनयोग्य, म्हणजे महाग, स्विचमध्ये असते. आपल्याकडच्या साध्या स्विचमध्ये बहुधा नसेल.

एक-दोन दिवसांनी आपोआप सुरळीत होते असे आपण लिहिले आहे. आपोआप काही होत नाही, सर. कक्षाची झाडलोट कधी होते आणि लोंबणारे टोक कोण उचलून खोचते ते पाहावे. बिचाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो.

माझ्या सुरुवातीच्या काळात आमच्याकडे एकाच काळ्या केबलला सगळे संगणक टी-आकाराच्या जोडणीने लटकवलेले असत. एका पट्ट्याची लांबी १८५ मीटर, त्यावर जास्तीत जास्त ३० जोडण्या, आणि दोन्ही टोकांना ५० ओहमचे एकेक टोपण. एखाद्या विद्यार्थ्याने मागचा जोड सैल केला की सगळी प्रयोगशाळा बंद, आणि दोष कोठे आहे हे शोधायला टेबलाखाली रांगत जावे लागे. माझे नाव तिथूनच आले आहे. स्विच आल्यावर एकाचा दोष सर्वांना भोगावा लागणे संपले असे आम्हाला वाटले होते. हे वर्तुळ तेवढे अपवाद म्हणून उरले.

तेव्हाची एक सवय मात्र आजही सोडू नये. प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना एकच क्रमांक चिकटवा आणि कोणता क्रमांक कोणत्या पोर्टात आहे याचा तक्ता स्विचशेजारी भिंतीवर लावा. न वापरलेली केबल स्विचजवळ ठेवूच नका.

---

जांभादगड

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. तीन आठवड्यांनी लिहीत आहे, कारण सहामाही परीक्षा मध्ये आली.

केबल क्रीडास्पर्धांच्या मोजपट्टीने मोजली. कार्यालयापासून कक्षापर्यंत सरळ अंतर ९६ मीटर आहे, केबल १४२ मीटर भरली. तार खरवडली तेव्हा आत चंदेरी रंग निघाला. कक्षातील राउटरच्या पानावर त्या पोर्टापुढे १० असेच लिहिलेले होते. आठतारी सरांनी न पाहता सांगितलेले तंतोतंत खरे ठरले हे मुख्याध्यापकांना दाखवले, आणि प्लॅनचा विषय तिथेच मिटला.

जुन्या राउटरची डीएचसीपी बंद करून पत्ता बदलल्यापासून ‘इंटरनेट नाही’ ही तक्रार एकदाही आलेली नाही. १६९.२५४ वाल्या दोघांपैकी एकाची केबल कपाटामागे उंदरांनी कुरतडलेली होती. दुसऱ्याचा जॅक बदलावा लागला. तारांचे रंग लावताना मी पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी हा क्रम दोन्ही टोकांना ठेवला. पहिल्या खेपेस हिरवी जोडी शेजारीशेजारी बसवली आणि ती चालली नाही, ही कबुलीही देतो. निळी जोडी हिरवीच्या मध्ये येते हे आता विसरणार नाही.

पन्नास_ओहम मॅडम, आपला तर्क ऐकून मी त्याच दिवशी टेबलाखाली वाकून पाहिले. एक पिवळी केबल मोठ्या स्विचच्या १५ व्या पोर्टापासून लहान स्विचपर्यंत गेलेली होती, आणि तिच्याशेजारी तशीच दुसरी केबल, एक टोक मोकळे, जमिनीवर. शिपाईमामांना विचारले. ते म्हणाले, ‘सर, वायर पडलेली दिसली की मी जाग्यावर लावतो, आणि कचरा काढताना अडली की काढतो.’ ती केबल आता माझ्या कपाटात आहे.

फायबरसाठी पालक संघाने मान्यता दिली आहे. चर खणण्याचे काम गावातील माजी विद्यार्थी श्रमदानाने करणार आहेत. तोपर्यंत ढग दिसू लागले की दोन्ही टोकांची केबल काढून ठेवतो.

फक्त फोल्डर आणि प्रिंटरचा प्रश्न राहिला आहे. तंत्रज्ञ म्हणतात की विंडोज ११ मध्ये ‘एसएमबी १’ नावाची फोल्डर-प्रिंटर सामायिक करण्याची जुनी सोय चालू केली की काम होईल. ते करावे का?

---

आठतारी

कृपा करून करू नका. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर विषाणूने जगभरातील संगणक, त्यात ब्रिटनमधील सरकारी रुग्णालयेही, ज्या छिद्रातून गाठले ते याच एसएमबी १ मधले होते. त्याच वर्षीच्या अखेरीस आलेल्या विंडोज १० च्या आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्टने नव्याने बसवलेल्या विंडोजमध्ये ही सोय देणे बंद केले. शिवाय फोल्डर विंडोज १० च्या संगणकांवरून उघडते आहे, म्हणजे आपल्याला तिची गरजही नसावी.

खरे कारण बहुधा असे आहे की कार्यालयातील संगणकावर ‘पासवर्डशिवाय कोणीही यावे’ असे ठेवलेले आहे. २०२४ मध्ये आलेल्या विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून प्रो आणि एज्युकेशन प्रकारांत असा पाहुणा म्हणून प्रवेश मिळत नाही, कारण आता प्रत्येक देवाणघेवाणीवर डिजिटल सही असावी असा आग्रह असतो आणि पासवर्डच नसेल तर सही कशाच्या बळावर करणार? म्हणून कार्यालयाच्या संगणकावर ‘कक्ष’ अशा एखाद्या नावाचे साधे, प्रशासकाचे अधिकार नसलेले खाते उघडा, त्याला पासवर्ड द्या, फोल्डर आणि प्रिंटर त्या खात्याला वापरू द्या, आणि नव्या तिन्ही संगणकांवर ते नाव व पासवर्ड एकदाच टाकून लक्षात ठेवायला सांगा. कार्यालयाच्या संगणकावर नेटवर्कचा प्रकार ‘सार्वजनिक’ असेल तर तो ‘खाजगी’ करा, अन्यथा विंडोजची फायरवॉल दार उघडणार नाही.

पासवर्ड लावला म्हणजे गुणपत्रकांचे फोल्डर विद्यार्थ्यांच्या संगणकांवरून उघडे राहणार नाही, हा वेगळा फायदा. आत्तापर्यंत ते अकरा संगणकांवरून उघडे होते हे आपल्या लक्षात आले असेलच. त्या अकरांवरच्या विंडोज १० ला मिळणारी मोफत सुरक्षा दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ पासून थांबलेली आहे, तेव्हा त्यांचाही विचार पुढेमागे करावा लागेल. पण तो स्वतंत्र धागा होईल.

---

जांभादगड

गुणपत्रकांचे लक्षात आले नव्हते. आजच केले. तिन्ही संगणकांवरून प्रिंटर चालू आहे.

काचतंतू सर, एक शेवटचे विचारतो. फायबरवाल्या मुलाने नमुन्यादाखल जी टोके आणली आहेत ती हिरवी आहेत आणि कन्व्हर्टरचे भोक निळे आहे. बसतात खरी. चालतील का?

---

काचतंतू

बसतील, पण लावू नका. हिरव्या टोकाची काच आठ अंशांच्या तिरक्या कोनात घासलेली असते, निळ्याची जवळजवळ सपाट. दोन्ही समोरासमोर आली की मध्ये फट राहते, प्रकाश वाया जातो आणि काचेवर ओरखडेही पडतात. त्याला दोन्ही टोके निळी लावायला सांगा. तपासताना टोकाच्या आत डोळा लावून पाहू नका, हेही मुलांना सांगून ठेवा. तो प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण असतो.